कड्याखालची दफनभूमी

हवाई द्वीपसमूहातल्या मोलोकाई बेटाच्या एका द्वीपकल्पावर कलावाओ नावाचं ठिकाण आहे. गाव म्हणावं, तर आज तिथे वस्ती नाही. सेंट फिलोमिनाचं छोटं चर्च आहे, चर्चला लागून दफनभूमी आहे आणि आसपास गवत माजलेली मोकळी जमीन. दफनभूमीत काही क्रूस, काही थडगी दिसतात. मोकळ्या जमिनीवर काहीच दिसत नाही, पण तिच्या पोटातही माणसं आहेत. १८६६ ते १९६९ या काळात कुष्ठरोग झाला म्हणून सुमारे ८,००० माणसांना या द्वीपकल्पावर आणून सोडलं गेलं. बहुतेक जण इथेच वारले. ज्यांच्या कबरीवर आज काही खूण उरली आहे, अशांची संख्या हजार-बाराशेच्या पुढे फारशी जात नाही.

या दफनभूमीमुळे कलावाओचं नाव जगाला माहीत झालं, तेही एका कबरीमुळे. फादर डेमियन या बेल्जियन धर्मगुरूंच्या. त्यांच्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की बाकीची हजारो माणसं त्यांच्या गोष्टीतली गर्दी होऊन बसली. मला मात्र डेमियन यांच्या सोळा वर्षांच्या कामातलं सर्वांत मोठं काम या गर्दीशी जोडलेलं वाटतं. त्यांनी कलावाओतल्या मरणाला रीत दिली. औषध त्या काळी कोणाकडेच नव्हतं. त्यामुळे रीतसर मरण, म्हणजे लाकडाची पेटी, खोल खड्डा, प्रार्थना आणि चार माणसांची सोबत, एवढंच एक माणूस दुसऱ्याला देऊ शकत होता.

मोलोकाईच्या उत्तर किनाऱ्यावर लाव्ह्यातून तयार झालेला जमिनीचा सपाट तुकडा समुद्रात पुढे आला आहे. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि पाठीला सरळ तुटलेले कडे. कुठे पाचशे मीटर, कुठे त्याहून बरेच उंच. कड्यावरून उतरणारी वाट इतकी अवघड की सशक्त माणसाचीही दमछाक व्हावी, मग बोटं झडलेल्या माणसाची काय कथा. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला कलाउपापा. तिथे हवा कोरडी आणि होड्या लावायला जागा बरी. पूर्वेला कलावाओ. तिथे वारा झोंबतो, पाऊस आणि धुकं जास्त, आणि कड्यांच्या सावलीमुळे दिवस लवकर मावळतो. इथे हवाईयन लोक पिढ्यान्‌पिढ्या रताळी आणि अळूचे कंद पिकवून राहत होते. सरकारनं त्यांच्या जमिनी घेतल्या आणि आधी कलावाओची बाजू रुग्णांसाठी राखून ठेवली.

या निर्णयामागे भीती होती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजं या बेटांना लागली तेव्हा इथली लोकसंख्या काही लाखांत होती. त्यानंतर गोवर, देवी, इन्फ्लुएन्झा, गुप्तरोग असे बाहेरचे आजार एकामागून एक आले. हवाईयन शरीराला त्यांची ओळखच नव्हती. १८७२ च्या जनगणनेत सगळ्या राज्यात सुमारे ५७,००० माणसं उरली होती. आपला वंशच बुडतो की काय, या धास्तीत राज्य होतं. त्यातच कुष्ठरोग पसरू लागला. ३ जानेवारी १८६५ रोजी राजा पाचवा कामेहामेहा यानं कुष्ठरोगाचा प्रसार रोखण्याच्या कायद्यावर सही केली. या कायद्यानं रोगाचा संशय असलेल्या माणसाला धरून आणण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले १२ जण कलावाओला उतरले. नऊ पुरुष आणि तीन बायका.

सरकारची कल्पना अशी की ही माणसं शेती करतील आणि आपलं आपण खातील. रोगानं हातपाय गेलेल्या माणसांकडून ही अपेक्षा. घरं अपुरी, औषधोपचार नाहीत, पाणी लांबून आणायचं. पुढे १८७० मध्ये कायद्यात आणखी एक भर पडली. नवरा किंवा बायको यांपैकी एकाला कुष्ठरोग असेल, तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मिळू लागला. घर गेलं, जमीन गेली, नातं गेलं. तरी कित्येक नवरे-बायका, आया, भाऊ स्वतःला रोग नसताना आपल्या माणसाबरोबर जहाजात चढले आणि त्याची सेवा करायला इथेच राहिले. त्यांना कोकुआ म्हणत. पंथांच्या याद्या बाजूला ठेवल्या तर कलावाओच्या इतिहासातले खरे पहिले सेवेकरी हेच. त्यांतल्याही अनेकांच्या कबरी आज ओळखता येत नाहीत.

डेमियन येण्याआधी कलावाओत नुसती अंदाधुंदी होती, असं जुन्या चरित्रांत रंगवून सांगितलेलं असतं. दारू होती, मारामाऱ्या होत्या, दुबळ्यांना लुबाडणारे होते, हे खरं. पण पहिल्या तुकडीनंतर सहा महिन्यांच्या आतच, जून १८६६ मध्ये, ३५ रुग्णांनी मिळून सिलोआमा या नावाची आपली प्रोटेस्टंट मंडळी स्थापन केली होती, हेही तितकंच खरं. कॅथलिक रुग्ण धर्मगुरू पाठवा म्हणून मागणी करत होते. १८७२ मध्ये ब्रदर बर्ट्रांड यांनी त्यांच्यासाठी सेंट फिलोमिनाचं लाकडी चॅपल उभारून दिलं. म्हणजे डेमियन आले तेव्हा चर्च होतं, श्रद्धावंत होते. नव्हता तो कायमचा पाद्री.

योसेफ द फॉस्टर हे त्यांचं मूळ नाव. बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. जन्म ३ जानेवारी १८४०. खरं तर हवाईला जायचं होतं थोरल्या भावानं, फादर पाम्फील यांनी. ते आजारी पडले, म्हणून धाकटा निघाला. १८६४ च्या मार्चमध्ये तो होनोलुलूला पोहोचला आणि मे महिन्यात त्याची धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली. पुढची वर्षं हवाईच्या मोठ्या बेटावर दुर्गम वस्त्यांमधून फिरण्यात, स्वतःच्या हातांनी चॅपलं बांधण्यात गेली. सुतारकी त्यांना चांगली अवगत होती. पुढे हीच सुतारकी कलावाओत कामाला आली.

१० मे १८७३ रोजी बिशप मेग्रे यांच्याबरोबर डेमियन मोलोकाईला उतरले. त्याच बोटीत नव्यानं धरून आणलेले रुग्ण होते. ठरलं असं होतं की चार धर्मगुरूंनी पाळीपाळीनं काही महिने इथे राहायचं. पहिली पाळी डेमियन यांची. ती कधीच संपली नाही. सुरुवातीचे दिवस त्यांनी चर्चजवळच्या हाला झाडाखाली झोपून काढले. हाला हे आपल्या कोकणातल्या केवड्याच्या कुळातलं झाड. त्याच वर्षी नॉर्वेत डॉ. हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. रोगाचं कारण हाती लागलं, पण त्यावरचा इलाज यायला अजून सुमारे सत्तर वर्षं होती.

नवीन पाद्री पहिल्यांदा काय हाती घेतो यावरून त्याची पारख होते. डेमियन यांनी सुरुवातीलाच जी कामं हाती घेतली त्यांत दफनभूमीला कुंपण घालणं हे एक होतं. त्याचं कारण समजायला तिथली स्थिती डोळ्यांसमोर आणावी लागते. पेटीसाठी पैसे लागत. ज्याच्याकडे ते नसत त्याला घोंगडीत गुंडाळून पुरत. खणायला धडधाकट हात कमी, त्यात जमीन खडकाळ, म्हणून खड्डे उथळ. मग रात्री मोकाट डुकरं आणि कुत्री यायची. आजारी माणूस खोपटात पडल्या पडल्या हे ऐकत असणार. उद्या आपलंही असंच होणार, हे त्याला कळत असणार. कुंपण मेलेल्यांसाठी होतं हे खरं, पण त्याचा पहिला दिलासा जिवंत असलेल्यांना मिळाला.

मग पेट्या. डेमियन स्वतः फळ्या कापत, खिळे ठोकत, खड्डे खणत. शेकडो पेट्या त्यांच्या हातून तयार झाल्या. दिवसभरात मिस्सा, घराघरांतून फिरून जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, आणि मधेच कोणाच्या तरी मरणाची वर्दी. पुष्कळदा एकाच माणसाला शेवटचा अभ्यंग द्यायचा, त्याचे डोळे मिटायचे, त्याच्यासाठी पेटी करायची, खड्डा खणायचा आणि वर उभं राहून प्रार्थना म्हणायची, ही सगळी कामं एकाच पाद्र्याकडे येत.

पण फक्त पाद्री पेट्या करतो आणि पुरतो, एवढ्यावर हे राहिलं नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. रुग्णांनी मर्तिकासाठी स्वतःची मंडळं काढली. सभासदांनी थोडे थोडे पैसे जमवायचे, कोणी गेलं की त्याची पेटी आणि प्रेतयात्रा मंडळानं करायची. मिरवणुकीत ढोल असे, वाजंत्री असे. मंडळाच्या बायका एकसारख्या पोशाखात चालत. डेमियन यांनी मुलांना वाद्यं शिकवली होती. बोटं गेलेली मुलंही उरलेल्या बोटांनी वाजवत. बाहेरून आलेले पाहुणे हा थाट पाहून चक्रावून जात. त्यांना वाटे, इतकी दुःखी वस्ती आणि मरणात इतका गाजावाजा कशाला? उत्तर सोपं आहे. ज्याला राज्यानं घरातून उचलून इथे आणून टाकलं, त्याचं जाणं मोजणारं कोणी तरी आहे, हे मोठ्यानं सांगायचं होतं.

चर्च, दफनभूमी आणि डेमियन यांचं राहतं घर एकाच आवारात होतं. भाऊ पाम्फील यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं आहे की रात्री या मृतांच्या बागेचा राखणदार मी एकटाच असतो, आणि तिथे फिरत जपमाळ ओढायला, मृत्यूनंतरच्या जीवनावर चिंतन करायला मला आवडतं. हे वाचून कोणाला उदास वाटेल. मला त्यात उदासी दिसत नाही. त्या आवारात पुरलेल्या कित्येकांना त्यांनी बाप्तिस्मा दिला होता, त्यांची लग्नं लावली होती, त्यांच्याशी भांडलेही होते. डेमियन हट्टी होते, वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत, आरोग्य मंडळाला ते लाकूड, कपडे, दूध यांसाठी सतत पत्रं पाठवून हैराण करत. अशा माणसाला रात्रीची ती जागा म्हणजे आपली माणसं झोपली आहेत ती जागा वाटली, तर त्यात नवल नाही.

बाकीचा तपशील थोडक्यात सांगतो. १८७४ च्या वादळात खोपटी उडाली, तेव्हा जमिनीपासून उंचावर लाकडी घरं बांधून घेतली. नळानं पाणी आणलं. अनाथ मुलांसाठी घर काढलं. चॅपल वाढवलं. चर्चच्या फरशीला ठिकठिकाणी भोकं पाडली, कारण प्रार्थनेला बसलेल्या रुग्णांना सतत थुंकावं लागे आणि त्या लाजेनं ते दाराबाहेर राहत. पानाची सुरळी करून त्या भोकात थुंकता येई. त्या भोकांत मला दफनभूमीच्या कुंपणामागचाच विचार दिसतो. आजाराची लाज वाटून माणूस बाहेर राहू नये.

१८८४ च्या अखेरीला एका संध्याकाळी डेमियन यांनी गरम पाण्यात पाय घातला. पाय भाजला, पण त्यांना कळलं नाही. पुढच्या वर्षी निदान पक्कं झालं. आता ते कायद्यानंही तिथले रुग्ण होते. त्यांच्या अखेरच्या महिन्यांत, डिसेंबर १८८८ मध्ये, एडवर्ड क्लिफर्ड नावाचा इंग्रज चित्रकार त्यांना भेटायला आला. त्यानं बरोबर गर्जन तेल आणलं होतं. अंदमानातल्या कुष्ठरोगी कैद्यांवर एका इंग्रज डॉक्टरनं ते वापरलं होतं. काश्मीरपासून हवाईपर्यंतच्या या प्रवासावर क्लिफर्डनं पुढे पुस्तकही लिहिलं. तेलाचा उपयोग झाला नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, डेमियन वारले. वय ४९. ज्या हाला झाडाखाली ते पहिल्यांदा झोपले होते, त्याच झाडाखाली त्यांना पुरलं. चर्चचा दगडी भाग बांधायला त्यांनी १८८८ मध्ये सुरुवात केली होती. तो त्यांच्या मरणानंतर पुरा झाला.

त्या एका कबरीचे पडसाद मग जगभर उमटले. महिन्याभरानंतर लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन कलाउपापाला आला, आठवडाभर राहिला. होनोलुलूच्या डॉ. हाइड या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकानं एका खासगी पत्रात डेमियन यांना अस्वच्छ, आडदांड आणि शीलाच्या बाबतीत संशयास्पद ठरवलं होतं. ते पत्र छापलं गेलं. त्याला स्टीव्हन्सननं १८९० मध्ये जे जाहीर उत्तर दिलं त्यानं हाइड यांचं नाव कायमचं काळवंडलं. पण आपल्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची गोष्ट लंडनमध्ये घडली. डेमियन यांच्या मृत्यूनं तिथे हळहळ आणि घबराट दोन्ही पसरली. गोरा माणूसही कुष्ठरोगानं मरतो, मग साम्राज्यातल्या लाखो रुग्णांचं काय? प्रिन्स ऑफ वेल्सच्या पुढाकारानं राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभा राहिला. त्या निधीतून एक आयोग थेट हिंदुस्थानात पाठवला गेला. १८९०-९१ मध्ये तो देशभर फिरला. रोग संसर्गानं पसरतो, पण फार थोड्या प्रमाणात. तेव्हा सक्तीनं वेगळं ठेवायची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मोलोकाईच्या एका कबरीतून निघालेल्या पैशानं मोलोकाईच्याच पद्धतीविरुद्ध कौल दिला. लंडनच्या समितीला तो पचला नाही.

आणि सरकारलाही नाही. १८९८ मध्ये हिंदुस्थानात लेपर्स ॲक्ट आलाच. तो पैसेवाल्यांना हात लावत नव्हता. रस्त्यावरच्या निराधार रुग्णाला धरून आश्रमात डांबायचा अधिकार मात्र देत होता. मुंबईत त्याआधीच, १८९० मध्ये, माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला होता. तो काढणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ. त्यांचं नाव मराठी वाचकाला दुसऱ्या कारणानं ठाऊक असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह त्यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय त्यांच्याच नावाचं.

डेमियन गेले तेव्हा कलावाओ पोरकं झालं नाही. मदर मेरियन कोप या फ्रान्सिस्कन सिस्टर १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये कलाउपापाला आल्या होत्या. त्याआधी १८८६ मध्ये जोसेफ डटन आला होता. अमेरिकन यादवी युद्धात लढलेला, संसार मोडलेला, दारूत बुडून वर आलेला हा माणूस. उरलेलं आयुष्य प्रायश्चित्त म्हणून इथे घालवायचं त्यानं ठरवलं आणि ४४ वर्षं राहिला. त्यानं कुठल्याही संघाची शपथ घेतली नव्हती, तरी सगळे त्याला ब्रदर डटनच म्हणत. १९०८ मध्ये अमेरिकेचं आरमार जगप्रदक्षिणेला निघालं होतं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचा मार्ग मुद्दाम कलाउपापाजवळून वळवून या म्हाताऱ्या सैनिकाला मानवंदना द्यायला लावली. १९३१ मध्ये डटन होनोलुलूत वारला. त्याला परत आणून सेंट फिलोमिनाच्या आवारात, डेमियन यांच्या कबरीशेजारी पुरलं. लवकरच मुलांचं वसतिगृह पश्चिमेला हलवलं गेलं आणि कलावाओ ओस पडलं. माणसं कलाउपापाला, मेलेले कलावाओला, अशी वाटणी झाली.

१९३६ साली बेल्जियमला आपला माणूस परत हवा झाला. राजा तिसरा लिओपोल्ड यानं अमेरिकेकडे मागणी केली आणि ती मान्य झाली. जानेवारीत कबर उघडली, अवशेष बाहेर काढले. मर्केटर या शिडाच्या जहाजानं ते मे महिन्यात अँटवर्पला पोहोचले. राजा स्वतः स्वागताला होता. आज ते लूव्हेन शहरात आहेत. बेल्जियमची भावना मला कळते. आईवडिलांनी ज्या मुलाला पुन्हा कधी पाहिलं नाही, तो घरी यावा, असं गावाला वाटणारच. पण कलाउपापाच्या रुग्णांना ते रुचलं नाही, आणि माझं मन त्यांच्या बाजूनं आहे. डेमियन यांनी स्वतःला या आवारात मोजलं होतं. ज्यांच्याजवळून सगळं काढून घेतलं होतं त्यांच्याजवळ उरलेलं शेवटचं माणूसही राजसत्तेनं मागितलं आणि राजसत्तेनं दिलं. रुग्णांना कोणी विचारलं नाही. त्यांना विचारायची पद्धतच नव्हती.

पुढे काळ बदलला तो औषधानं. १९४६ मध्ये सल्फोन औषधं कलाउपापाला पोहोचली आणि वर्षानुवर्षांच्या जखमा भरू लागल्या. त्याच वर्षी १ एप्रिलला त्सुनामी आली, आणि किनाऱ्यावरच्या दफनभूमीतल्या काही कबरींच्या खुणा ती घेऊन गेली. रोग बरा होत असूनही कायदा मात्र हलला नाही. सक्तीनं वेगळं ठेवणं १९६९ मध्ये रद्द झालं, औषध आल्यानंतर २३ वर्षांनी. रुग्णांना जायची मोकळीक मिळाली. पुष्कळ जण गेले नाहीत. बाहेर त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं, आणि ज्यांच्याबरोबर आयुष्य गेलं ते सगळे इथेच होते, जमिनीवर किंवा जमिनीखाली. १९८० मध्ये हा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. तेव्हा दिवसाला १०० पाहुण्यांची मर्यादा आणि १६ वर्षांखालच्या मुलांना मनाई असे नियम राहिले. रुग्णांना आपलं गाव प्रेक्षणीय स्थळ व्हायला नको होतं.

डेमियन यांना १९९५ मध्ये ब्रुसेल्सला धन्य घोषित केलं गेलं. त्या वेळी हवाईयन लोकांची एक मागणी मान्य झाली. डेमियन यांचा उजवा हात परत आला. २२ जुलै १९९५ रोजी तो कलावाओच्या मूळ कबरीत ठेवला. पेट्या ठोकणारा, खड्डे खणणारा, पट्ट्या बांधणारा हात. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळालं. मदर मेरियन यांनाही पुढे या मातीतून नेलं गेलं. १९१८ मध्ये त्या कलाउपापाला वारल्या. २००५ मध्ये त्यांची कबर उघडून अवशेष न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला नेले गेले आणि २०१४ मध्ये ते होनोलुलूच्या कॅथेड्रलमध्ये आले. त्यांना २०१२ मध्ये संतपद मिळालं होतं. असं दोनदा घडलं. ज्यांना चर्चनं मोठं मानलं ते या मातीतून उचलले गेले. डटन राहिला, आणि राहिले ते हजारो, ज्यांना नेण्यासाठी कोणी अर्ज केला नाही.

आपल्याकडेही कायद्याचा माग असाच लांबत गेला. १८९८ चा लेपर्स ॲक्ट केंद्रानं २०१६ मध्ये रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण असू शकतं, ही तरतूद आपल्या विवाह कायद्यांतून २०१९ मध्ये निघाली. हवाईनं १८७० मध्ये जे केलं होतं, ते आपण जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही पुसत होतो. मधल्या काळात वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं, आणि १९८३ मध्ये बाबा आमटे यांना कुष्ठकार्यासाठी डेमियन-डटन पुरस्कार मिळाला. कलावाओच्या आवारात शेजारी शेजारी पुरलेल्या दोघांच्या नावाचा हा पुरस्कार.

आता कलाउपापात काम चालू आहे ते नावांचं. २००३ मध्ये रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांनी मिळून एक संस्था काढली. जुन्या कागदपत्रांतून, पत्रांतून, घराघरांतल्या आठवणींतून ८,००० जणांची यादी जमवायला ती लागली. कित्येक कुटुंबांनी लाजेपोटी आपल्या आजोबांचं, चुलत आजीचं नाव वंशावळीतून गाळलं होतं. आता नातवंडं, पतवंडं विचारत येतात आणि त्यांना नाव, कधी कधी पाठवल्याची तारीख मिळते. कबर दाखवता येते ती थोड्यांनाच. २००९ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं सगळ्या नावांचं स्मारक द्वीपकल्पावर उभारायला परवानगी दिली. दगडावर ती नावं कोरली जातील तेव्हा त्यांत योसेफ द फॉस्टर, रुग्ण, हेही नाव असावं. वेगळ्या चौकटीत नको, मोठ्या अक्षरांत नको. १८८५ मध्ये निदान झालेल्या इतर माणसांच्या ओळीत, त्यांच्यातलाच एक म्हणून, असं मला मनापासून वाटतं.